जहाजाचा रंग, समुद्री गोगलगायी आणि २५ मीटरची मेख

जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटले की वेग मंदावतो आणि डिझेल जास्त जळतं, हे माहितीच आहे. पूर्वी तांब्याचे पत्रे ठोकायचे, १९६० च्या दशकात टीबीटीचा म्हणजे ट्रायब्युटिल टिन या विषारी रसायनाचा रंग आला, एकदा मारला की चार-पाच वर्षं बघायला नको.

१९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ डॉग व्हेल्क या गोगलगायीच्या माद्यांना नराचं लिंग आलेलं दिसलं. कारण रंगातलं टीबीटी, हे पक्कं व्हायला १९८० चं दशक उजाडलं. लिटरमागे १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढ्यानंही लक्षणं दिसतात. प्रमाण वाढलं की मादीत वाढलेली शुक्रनळी अंडी बाहेर पडायची वाटच बुजवते, अंड्यांच्या पिशव्या आत साचत जातात आणि मादी मरते. या जातीची पिल्लं पाण्यावर वाहत जात नाहीत, त्यामुळे एखादा खडक रिकामा झाला की लवकर भरतच नाही.

फ्रान्सनं १९८२ मध्ये बंदी घातली, तीही गोगलगायींसाठी नाही, आर्काशोंच्या खाडीतली कालवांची शेती बसली म्हणून, आणि फक्त २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर! १९८७ मध्ये ब्रिटननंही तीच रेघ ओढली. का, तर मोठी जहाजं खोल समुद्रात असतात, विष विरून जातं, इंधनही वाचतं. हे तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं, कारण जहाज शेवटी बंदरात येतंच, तिथे उभं राहतं, गोदीत रंग खरवडला की चुरा तिथल्याच गाळात जातो. लहान बोटींच्या खाड्या सावरू लागल्या, मोठ्या बंदरांतल्या माद्यांचे हाल मात्र चालूच राहिले. छोट्यांना कायदा आणि मोठ्यांना मोकळं रान, तेही वीसेक वर्षं!

१९९९ मध्ये आपल्याकडच्या क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीतही हेच आढळल्याची नोंद छापून आली. गोदावरी पूर्वेला वाहते म्हणून नाशिककरांना समुद्र लांबचा वाटतो, पण त्र्यंबकच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे आणि आपण मासळी खातो ती बरीचशी याच किनाऱ्यावरची.

मोठ्या जहाजांवरही टीबीटीला बंदी घालणारा जागतिक करार २००१ मध्ये ठरला आणि लागू झाला १७ सप्टेंबर २००८ ला. टीबीटी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, बंदर खोल करायला गाळ उपसला की परत पाण्यात येतं. त्याच्या जागी आलेल्या रंगांपैकी सायब्युट्रीन या शेवाळनाशकाचेही २०२३ पासून बंद करावे लागले, तांब्याचे मात्र अजून चालूच आहेत.