बसवून केलेली मेंदूची शस्त्रक्रिया आणि शिरेत शिरणारी हवा

पुण्यात आमच्या भूलपूर्व तपासणीच्या खोलीत नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, बेशुद्ध माणसाला बसवून ऑपरेशन करणार?" ही भीती अनाठायी नाही, तिला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रेंच शल्यविशारद थिएरी द मार्तेल यांनी रुग्णाला बसवून मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. लहान मेंदूच्या आसपासची गाठ काढताना तिचा मोठा उपयोग होतो. रक्त आणि पाणी खाली वाहून जातं, डॉक्टरांना आतलं स्वच्छ दिसतं. पण डोकं हृदयाच्या वर गेलं की तिथल्या शिरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरू शकतो. कवटीतल्या मोठ्या शिरा आवरणाने ताणून धरलेल्या असतात, त्यामुळे कापल्या तरी मिटत नाहीत आणि हवा ओढून घेतात. ती हवा हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसात पोहोचते.

पूर्वी छातीवरच्या स्टेथोस्कोपमधून पाणचक्कीसारखा घुसळल्याचा आवाज आला की हवा शिरल्याचं कळायचं. तोवर फार उशीर झालेला असे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ मिचेनफेल्डर आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नळी नेऊन हवा ओढून काढायचा मार्ग मांडला. पाठोपाठ डॉप्लर आलं, म्हणजे छातीवर ठेवून ध्वनिलहरींनी हृदयातल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र. माझ्या मते खरा फरक पडला तो यानेच. एक मिलीहूनही कमी हवा त्यात ऐकू येते. तासन् तास एका लयीत चाललेला सप्-सप् आवाज अचानक खरखरतो. तेवढ्यात सर्जन जखमेत सलाइन ओततात, हाडाच्या कडेला मेण दाबतात, कुणीतरी मानेच्या शिरा दाबून धरतं. आम्ही नायट्रस हा भुलीचा वायू चालू असेल तर बंद करून शुद्ध ऑक्सिजन देतो, कारण नायट्रसने बुडबुडा फुगतो. मग नळीला लावलेल्या सिरिंजमध्ये लालसर फेस येऊ लागतो.

अन्ननलिकेतून केलेली इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्याहूनही बारीक बुडबुडे दाखवते. ब्रिटनमध्ये मात्र १९८१ ते १९९१ या काळात रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत वापरणारी केंद्रं निम्म्याहून कमी झाली. जर्मनीत ती अजूनही बरीच चालते.

साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात जन्मापासूनचं बारीक छिद्र उघडं राहिलेलं असतं. त्यातून बुडबुडा डाव्या बाजूला गेला तर थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आधी हृदयाची इको करून या, असं आम्ही सांगतो. छिद्र सापडलं तर बहुतेक वेळा पेशंटला पालथं किंवा कुशीवर झोपवूनच गाठ काढायचं ठरतं.