रक्त गाळता येतं, फुप्फुस नाही

पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेल्याचा संशय असला की आजही एक जुनी, साधी तपासणी करतात. रुग्णाच्या लघवीत थोडा अल्क आणि चिमूटभर सोडियम डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) घालायचं. नमुना निळा झाला की शंका फिटली. निळा जितका गडद, तितकं लक्षण वाईट.

हा निळा रंग तणनाशकाहून जुना आहे. १९३०च्या दशकात हेच रसायन प्रयोगशाळेत ‘मिथाइल व्हायोलोजेन’ नावाचं रंगसूचक होतं: इलेक्ट्रॉन मिळाला की निळं. ते तण जाळतं हे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९५५ साली कळलं आणि १९६२मध्ये ते बाजारात आलं. १९६६पर्यंत विषबाधेने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या होत्या. इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि ऑक्सिजनला देऊन त्याला पेशी जाळणारा करायचा, हा त्याचा खेळ पानात चालतो तसाच फुप्फुसातही. त्यातून फुप्फुसाच्या पेशी हे विष स्वतःहून आत ओढून घेतात. म्हणून अशा रुग्णाला सवयीने ऑक्सिजन लावणं म्हणजे आगीत तेल.

रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करण्याची कल्पना तोवर रुळली होती. नेदरलंड्समध्ये कोल्फ यांनी १९४३ साली डायलिसिसचं यंत्र चालवून दाखवलं. १९६४च्या सुमारास ग्रीसमध्ये यात्झिदिस यांनी रक्त थेट कोळशाच्या कणांतून नेलं, हेच हिमोपरफ्युजन. पण नुसता कोळसा प्लेटलेट खायचा आणि त्याची भुकटी रक्तात उतरायची. माँट्रियलमध्ये थॉमस चँग यांनी कणांवर पातळ पटल चढवलं, तेव्हा कुठे पद्धत वापरण्याजोगी झाली.

पॅराक्वाटचा रेणू लहान, प्रथिनांना फारसा न चिकटणारा, कोळशाला मात्र झटकन धरणारा. कागदावर याहून सोपं गिऱ्हाईक नाही! प्रत्यक्षात यंत्र चालू असेपर्यंत रक्तातलं प्रमाण उतरायचं, बंद केलं की ऊतींतलं विष झिरपून पुन्हा चढायचं. फुप्फुसातला साठा तर काही तासांतच भरलेला असे. १९७९च्या एका आलेखाने हे उघडं पाडलं: विष घेतल्यापासून किती तास झाले आणि रक्तात किती आहे, एवढ्यावरून रुग्ण वाचेल का याचा अंदाज बांधता येऊ लागला. १९८८च्या एका आढाव्याने तर रक्तशुद्धीने मृत्यू टळत नाहीत असंच म्हटलं. पहिल्या चारेक तासांत सुरू केलं तर उपयोग होतो, असं मानणारे डॉक्टर मात्र आजही आहेत, आणि मला त्यांची घाई समजते.

दक्षिण कोरियाने २०१२मध्ये पॅराक्वाटची विक्रीच बंद केली. २०११ ते २०१३ या काळात तिथला कीटकनाशकं-तणनाशकं घेऊन होणाऱ्या आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला.