मराठवाड्यातील प्रौढ साक्षरता

शाळा अर्ध्यात सुटलेल्या किंवा शाळेची पायरीच न चढलेल्या मोठ्या माणसांना लिहायला, वाचायला, हिशेब करायला आणि अलीकडे मोबाइल वापरायला शिकवण्याचे काम. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याखाली होते, जालना तर ७१.५ टक्क्यांवर. या पिछाडीला जुनी कारणे आहेत. १९४८पर्यंत इथे निजामाचे राज्य होते, कचेरीची भाषा उर्दू होती आणि खेड्यातल्या मराठी पोराला वरच्या वर्गाची वाट जवळपास बंदच होती.

१९७८चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आणि १९८८चे साक्षरता मिशन इथेही आले. या काळाची मोठी कमाई म्हणजे सही. पण सही येणे म्हणजे वाचता येणे नव्हे. अनेक बायका आपले नाव रांगोळीसारखे एका ओघात काढतात; त्यातलेच एक अक्षर दुसऱ्या शब्दात दाखवले की थबकतात.

सध्याच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात वय १५च्या पुढच्या असाक्षरांना स्वयंसेवक शिकवतात. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची परीक्षा असते. २०२४ साली ती १७ मार्चला झाली. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या दृष्टीने हा महिना अडचणीचा. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. वर्ग खरे तर पावसाळ्यात भरवायला हवेत. तेव्हा मात्र खुरपणी असते.

मोबाइलने शिकण्याची निकड वाढवली. पीएम किसानच्या ई-केवायसीला (ऑनलाइन ओळख पडताळणीला) अनेकदा ओटीपी लागतो, २०२१पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंदही शेतकऱ्याने ॲपवर करायची असते. ओटीपीत एक गंमतीदार अडचण येते: पाटीवर गिरवलेला मराठी १ आणि मोबाइलवरचा इंग्रजी नऊ दिसायला जवळजवळ सारखेच. त्यामुळे आकडे दोन्ही लिप्यांत शेजारी-शेजारी शिकवावे लागतात. बाजारहाट करणाऱ्या बाईला नोटा, वजन, वाटे-हिस्से तोंडपाठ असतात, म्हणून बाराखडीआधी आकड्यांनी सुरुवात केलेली बरी. बँकेच्या मेसेजमध्ये पैसे आले की गेले, एवढे ओळखता येऊ लागले की वर्गाला येण्याची गोडी लागते. नाही तर पैसे काढायला बँकेच्या सेवा केंद्रावर पुन्हा अंगठाच टेकवायचा, फक्त शाईऐवजी यंत्राच्या काचेवर.