जाम घाट मार्गावरील दुचाकी वेगतपासणी

मध्य प्रदेशातील महू–मंडलेश्वर रस्त्यावर, मुख्यतः विंध्याच्या कडेवरील जाम गेटच्या अलीकडे-पलीकडे, दुचाकीस्वारांच्या वेगावर पोलिसांनी ठेवायची नजर आणि त्यातून होणारी दंडाची कारवाई. ती बारमाही नसते. पावसाळ्यातले शनिवार-रविवार, सलग सुट्या किंवा नुकताच झालेला एखादा मोठा अपघात, असे निमित्त असले की बंदोबस्त दिसतो आणि निमित्त सरले की तो उठतो. या कारवाईचे जे काही गुणदोष आहेत ते बरेचसे रस्त्याच्या ठेवणीतून आले आहेत, म्हणून आधी रस्ता.

रस्ता आणि त्यावरची माणसे

इंदूरहून राऊ, महू (अधिकृत नाव डॉ. आंबेडकरनगर) आणि बडगोंदा करीत जाम गेटला पोहोचायला साधारण 50 किलोमीटर पडतात. महूपर्यंत वाहतूक इतकी की वेगाचा प्रश्नच येत नाही. छावणी मागे पडली की सोयाबीनची शेते, तुरळक वस्ती आणि नजर पोहोचेल तिथवर सरळ जाणारे पट्टे सुरू होतात. मग माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि रस्ता वळणे घेत निमाडात उतरतो. या तोंडावरच अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, 1791 चा दगडी दरवाजा, म्हणजेच जाम गेट, उभा आहे. महेश्वर ही होळकरांची राजधानी असताना नर्मदाकाठ आणि माळवा यांना जोडणारी ही वाट होती. आजही महेश्वरला जाणाऱ्याला महामार्गाने धामनोदचा वळसा नको असेल, तर हीच वाट धरावी लागते.

पावसाळ्यात दरीतून ढग वर येऊ लागले की इंदूरची तरुण मंडळी इकडे लोटतात. रविवारी सकाळी पोहे-जलेबी आटोपून निघालेल्या पाच-दहा गाड्यांच्या टोळ्यांत इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर भागांतली मराठी मुले असतात, तशी महाविद्यालयांच्या वसतिगृहांतलीही असतात. त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला असतो, ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असतो आणि महेश्वरच्या घाटावर दर्शनाला आईला मागे बसवून पस्तीसच्या वेगाने चाललेला एखादा गृहस्थही असतो. एकाच रुंदीवर एक जण पस्तीसने आणि दुसरा शंभरने जातो, हे इथल्या धोक्याचे मूळ आहे. नुसता शंभरचा आकडा पुढे केला की ते नजरेआड होते.

गेटजवळ भुट्ट्यांच्या गाड्या लागतात. गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली निम्म्या डांबरावर, निम्म्या चिखलात उभ्या असतात. त्यांच्या चाकांबरोबर आलेला चिखल रस्त्यावर पातळ थरात पसरतो आणि वरून पाऊस भुरभुरत राहतो. तिथून पहिले उताराचे वळण जवळच आहे. ब्रेक कुठे लावायचा हे स्वाराला कळायला हवे ते नेमके इथेच, आणि इथेच त्याचे लक्ष सोबत्याच्या कॅमेऱ्याकडे असते.

कायदा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 नुसार वेगमर्यादा ठरतात. केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत मोटारसायकलसाठी चौपदरी व त्याहून मोठ्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर आणि महापालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर 60 अशी कमाल मर्यादा दिली आहे. जाम घाटाचा रस्ता ‘इतर’ या वर्गात येतो. त्याहून कमी मर्यादा ठरवायचा अधिकार राज्याला आहे, मात्र तशी पाटी रस्त्यावर लावणे आवश्यक असते.

मर्यादा ओलांडल्यास कलम 183 लागू होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी 1000 ते 2000 रुपये दंड आहे आणि व्यवहारात दुचाकीलाही हाच दर लावला जातो. कोर्टात न जाता जागच्या जागी दंड भरून प्रकरण मिटवायचे (कायद्याच्या भाषेत ‘तडजोड’) झाल्यास रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे एकाच गुन्ह्याची पावती मध्य प्रदेशात एक आणि महाराष्ट्रात दुसरी असू शकते. बेदरकार चालवण्यासाठी कलम 184 आणि शर्यतीसाठी 189 आहे. शर्यतीचा पहिला दंड 5000 रुपयांपर्यंत व दुसऱ्या खेपेला 10,000 पर्यंत जातो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. शर्यतीचे कलम जाम घाटापेक्षा इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला जास्त लागू पडते. विमानतळाकडून येणारा तो रुंद, सरळ रस्ता रात्री मोकळा झाला की कोण किती पळवतो याची तिथे चढाओढ लागते.

कलम 183 मधील एक पोटकलम स्वारांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. ‘गाडी फार जोरात होती’ असे केवळ एका साक्षीदाराचे मत असेल, तर तेवढ्यावर दोष सिद्ध होत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. हवालदाराच्या डोळ्यापेक्षा त्याच्या हातातल्या यंत्राला वजन मिळते ते यामुळे. यंत्र नसेल, तर पोलीस अतिवेगाच्या वाटेला न जाता हेल्मेट, कागदपत्रे, एका गाडीवर तिघे जण अशी सोपी कलमे धरतात. वेगाविरुद्ध मोहीम म्हणून सुरू झालेल्या नाकाबंदीत फाटलेल्या पावत्या बऱ्याचदा हेल्मेटच्या निघतात, हे त्याचेच फळ.

यंत्रे

स्पीड गनचे दोन प्रकार आहेत. रडार गन रेडिओ लहरी सोडते आणि धावत्या गाडीवरून परतलेल्या लहरींच्या वारंवारितेत पडलेल्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग काढते. 24 गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या यंत्रात ताशी एका किलोमीटरला हा फरक सुमारे 45 हर्ट्झ असतो. रडारचा झोत पसरट असतो. पाच मोटारसायकली आणि मागे एक जीप अशी वरात आली, तर आकडा कोणाचा यावर वाद होऊ शकतो, आणि जीपसारखी मोठी वस्तू लहरी जास्त परतवते.

लेझर गन अवरक्त प्रकाशाचे स्पंद पाठवून अंतर पुन्हा पुन्हा मोजते आणि ते किती झपाट्याने घटते आहे यावरून वेग सांगते. तिचा झोत 300 मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद होतो, म्हणून टोळीतला एकच स्वार नेमका टिपता येतो. अडचण नेम धरण्याची. मोटारीचा सपाट पुढचा भाग सोपा. मोटारसायकलचा दिवा आणि नंबरप्लेट एवढेच काय ते लक्ष्य, आणि तेही वळणात कलंडलेले. म्हणून तिपाई लागते आणि तिपाईला सपाट जागा लागते.

यंत्र रस्त्याच्या कडेला असते, गाडी थेट त्याच्या दिशेने येत नसते. या कोनामुळे यंत्र खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवते: 10 अंशांच्या कोनाला दीड टक्का, 20 ला सहा टक्के. म्हणजे कडेला उभ्या असलेल्या यंत्राची ही चूक स्वाराच्या पथ्यावरच पडते. शिवाय गाडीचा स्वतःचा वेगदर्शक बहुधा थोडा जास्तच दाखवतो. ‘माझ्या मीटरवर साठच होते, गनमध्ये बहात्तर कसे आले?’ हा पावतीच्या वेळचा नेहमीचा युक्तिवाद त्यामुळे फार टिकत नाही.

कायद्यात 2019 साली आलेले कलम 136अ आणि त्याखाली ऑगस्ट 2021 मध्ये अधिसूचित झालेला नियम 167अ इलेक्ट्रॉनिक देखरेखीबाबत आहेत. त्यानुसार उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत पाठवावी लागते. नोंदीत छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा असावी लागते. देखरेख चालू आहे हे सांगणारी पाटीही आधी लावायची असते. झाडामागे दडून टिपण्याची जुनी हौस या पाटीच्या नियमात बसत नाही.

कुठे उभे राहतात, कुठे पडतात

वेगतपासणी बहुधा सरळ पट्ट्यावर होते. इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजायचे यंत्र असलेली पोलिसांची गाडी, लावायला जागा हवी, लांबून दिसायला हवे आणि अडवलेल्या गाड्या बाजूला घ्यायला मोकळी पट्टी हवी. घाटातल्या वळणावर यांपैकी काहीच मिळत नाही. तिथे कोणाला थांबवायचे म्हटले, तर मागून येणारा त्याच्यावर आदळायचा.

पण 60 ही कायद्याची मर्यादा झाली, वळणाची मर्यादा निराळीच असते. 30 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्या डांबराची चांगली पकड धरली, तरी साधारण ताशी 50 ला चाके सरकायच्या बेतात येतात. ओल्यात तीच हद्द 40 च्या खाली उतरते, आणि चिखलाचा थर असेल तर हिशेबच सोडावा. म्हणजे 55 ने वळणात शिरलेला मुलगा कायद्याने निर्दोष असतो आणि तरी कठड्याकडे निघालेला असतो. उलट बडगोंद्याच्या पुढे रिकाम्या पट्ट्यावर 72 ने जाणारा नोकरदार पकडला जातो. आंधळ्या वळणावर मध्यरेषा ओलांडून, अवघ्या 45 च्या वेगाने ट्रॅक्टरला मागे टाकणारा सर्वांत घातक स्वार तर कुठल्याच गनला दिसत नाही. त्याच्यासाठी 184 आहे, पण ते लावायला वळणावर माणूस किंवा कॅमेरा हवा.

याचा अर्थ सरळ पट्ट्यावरची तपासणी फुकट असा नाही. थांबायचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: चांगल्या ब्रेकने 60 वरून थांबायला सुमारे 23 मीटर, 100 वरून 64 मीटर, आणि भान येईपर्यंतच्या एका सेकंदात गेलेले 17 किंवा 28 मीटर वेगळे. शेतातून म्हैस रस्त्यावर येते ती सरळ पट्ट्यावरच. पण तपासणीचा धाक फार दूर टिकत नाही. पहिल्या टोळीला गन दिसली की समोरून येणाऱ्यांना दिव्यांची उघडझाप करून इशारा जातो, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जागा कळते, सगळे तेवढा टप्पा पन्नासने काढतात आणि वळण ओलांडताच वाया गेलेला वेळ भरून काढायला लागतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के होती आणि 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. 54,432 अपघात झालेला मध्य प्रदेश त्या वर्षी तमिळनाडूच्या खालोखाल होता. अतिवेगाचा हा आकडा जपून वाचावा. अपघातानंतर ठाण्यात कारणाचा रकाना भरताना प्रत्यक्ष वेग क्वचितच कोणाजवळ मोजलेला असतो, आणि खड्डा, चुकीचा उतार किंवा नसलेला कठडा यांपेक्षा ‘अतिवेग’ लिहिणे सोपे पडते.

नंबरप्लेट आणि सायलेन्सर

भारतात मोटारसायकलला पुढे आणि मागे दोन्हीकडे नंबर लागतो. एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये मोटारसायकलला पुढे नंबर नसतो, म्हणून तिथल्या कॅमेऱ्यांना पाठमोरी गाडी टिपावी लागते. म्हणजे आपल्याकडचे काम खरे तर सोपे. पण शौकीन स्वार मागची प्लेट चाकाच्या वर आडवी दुमडतात आणि पुढची काढून डिकीत ठेवतात. त्यामुळे कॅमेऱ्यात वेग येतो, मालक येत नाही. पाठलाग करणे हा यावर उपाय नव्हे. घाटात पळणाऱ्या मुलामागे जीप घालणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

सायलेन्सर बदललेल्या गाड्यांवर कलम 182अ(4) आणि 190(2) खाली कारवाई होते. जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवण्याचा कार्यक्रम देशभरच्या पोलिसांना प्रिय आहे. छायाचित्रे चांगली येतात. आवाज आणि वेग ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण कानाला यंत्र लागत नसल्याने नाक्यावर आवाजवाला आधी सापडतो.

हद्दीचा प्रश्न

डिसेंबर 2021 पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, पण महू आणि बडगोंदा ही ठाणी ग्रामीण पोलिसांकडे आहेत. वाहतूक शाखेचे मनुष्यबळ आणि यंत्रे शहरात, वेगाचा रस्ता बाहेर. त्यात जाम गेट हेच इंदूर आणि खरगोन जिल्ह्यांच्या सीमेवर. वरच्या बाजूला बंदोबस्त असला तर खालच्या वळणांवर असेलच असे नाही. उलटही होते.

सरासरी वेगाचा पर्याय

दोन ठिकाणी कॅमेरे बसवून मधले अंतर किती वेळात कापले यावरून सरासरी वेग काढण्याची पद्धत घाटांना चांगली मानतात, कारण एका जागी ब्रेक लावून ती चुकवता येत नाही. इंग्लंडमधील मॅकल्सफील्ड–बक्सटन हा मोटारसायकलस्वारांचा लाडका डोंगरी रस्ता याच पद्धतीखाली आहे. महाराष्ट्रात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ती 2024 पासून चालू आहे. पण त्या मार्गाच्या बहुतांश भागावर दुचाकींना मुळात बंदी आहे.

जाम घाटावर ती जशीच्या तशी बसवली तर भुट्टेवाले आडवे येतील. महू ते मंडलेश्वर असा लांब टप्पा धरला, तर शंभरने आलेला स्वार गेटपाशी वीस मिनिटे भुट्टा खात थांबेल आणि त्याचा सरासरी वेग दूधवाल्याएवढा निघेल. टप्पे छोटे, दोन-तीन किलोमीटरचे हवेत, आणि थांब्याची जागा त्यांच्या बाहेर हवी: एक बडगोंद्यापुढच्या सरळ पट्ट्यावर, दुसरा गेटच्या खाली, वळणे सुरू होतात तिथून. वळणाआधी रंगाच्या जाड पट्ट्या ओढून वेग कमी करण्याचा जो स्वस्त उपाय सर्रास केला जातो, तो मोटारीला चालतो. ओल्या उतारावर कलंडलेल्या दुचाकीचे पुढचे चाक त्याच पट्टीवरून घसरते.