चुंबक चिकटला, म्हणजे स्टील खोटं?

स्टेनलेस स्टीलचं कपाट घ्यायचं म्हटलं की कोणीतरी खिशातून चुंबक काढतंच. चिकटला की निकाल लागला: "हे खरं एसएस नाही!" प्रयोगशाळेसाठी फर्निचर निवडणारी विज्ञान शिकलेली माणसंही या परीक्षेवर विसंबतात, याचं मला फार वाईट वाटतं. 304 जातीच्या सपाट पत्र्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, हे खरं. पण तोच पत्रा वाकवून कपाटाची कड काढली की वाकलेल्या जागी स्फटिकांची मांडणी थोडी बदलते आणि तिथे चुंबक हलकेच ओढला जातो. 430 जातीला तर तो घट्ट बसतो, आणि तेही अस्सल स्टेनलेसच. उलट निकेल कमी करून मँगनीज घातलेलं 202 या परीक्षेत सहज पास होतं, पण गंजाला तोंड देण्यात ते 304 च्या मागे आहे. चुंबकाला स्फटिकरचना कळते, गंज कळत नाही.

गंज अडवतं ते क्रोमियम. पोलादात ते किमान 10.5 टक्के असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पृष्ठभागावर ऑक्साईडचा थर धरतं. जाडी दोन-तीन नॅनोमीटर. असे वीस-पंचवीस हजार थर रचले तर कुठे एका केसाची जाडी होईल. ओरखडा पडला तर हवा लागताच थर आपोआप पुन्हा धरतो. मला या धातुशास्त्रात याहून सुंदर काही दिसलेलं नाही.

या थराचा वैरी क्लोराईड. 304 च्या एका फळीवर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीखाली उमटलेलं तपकिरी वर्तुळ मी पाहिलं आहे. पुसल्यावर डाग गेला, पण बोटाला सुईच्या टोकाएवढे खड्डे लागले. होतं असं: थर एखाद्या जागी फुटतो आणि तिथला धातू विरघळू लागतो. धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन आयन सोडतात, म्हणजे खड्ड्यातलं पाणी आणखी आम्लधर्मी होतं. आत साचलेला धन प्रभार बाहेरून आणखी क्लोराईड खेचून घेतो. तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून थर पुन्हा धरत नाही. बाहेरचा चकचकीत पत्रा मात्र ऑक्सिजन वापरत राहतो आणि त्या इवल्या खड्ड्याचा विद्युतप्रवाह चालू ठेवतो. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. 316 मधलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम ही सुरुवात अवघड करतं, पण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांपुढे तेही टिकत नाही.

म्हणून जिथे आम्लाचा वावर आहे तिथे इपॉक्सी पावडर कोटिंग केलेला साधा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा स्टेनलेसपेक्षा सरस ठरू शकतो. थंड लाटल्यामुळे तो गुळगुळीत असतो, कोटिंग एकसारखं बसतं. मात्र कोटिंग खरवडलं की गंज त्याच्याखालून पसरतो.

जमीन रोज धुतली जात असेल तर जस्ताचा विचार करावा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, त्यामुळे कापलेली उघडी कडही वाचते. जस्त चढवलेल्या पत्र्यावर, म्हणजे जीआयवर, झेड 275 लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन. पण जस्त आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही, त्यामुळे उघडा जीआय पत्रा प्रयोगशाळेच्या कपाटाला नको. जस्तात बुडवून पुन्हा तापवलेला गॅल्व्हॅनील पत्रा घ्यावा: जस्तात सुमारे 10 टक्के लोखंड मुरतं, पृष्ठभाग करडा आणि खरखरीत होतो, रंग घट्ट धरतो.

स्टेनलेसची खरी जागा सेंद्रिय द्रावकं, वाफ आणि सतत धुणं-पुसणं असेल तिथे. ब्लीचने पुसलं तर मागोमाग साध्या पाण्याने पुसायचंच. ब्लीचमध्येही क्लोराईड असतं. "अँटी-रस्ट" हे लेबल वाचून काहीच कळत नाही, जातीचा आकडा आणि जस्ताचं वजन लेखी मागावं. आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटल्यांसाठी पोलाद कुठलंच नको: पॉलिप्रॉपिलीनचं कपाट घ्यावं, आणि त्याच्या बिजागऱ्यासुद्धा प्लास्टिकच्याच आहेत ना, ते दार उघडून पाहावं.