आधी इमारती, मग ड्रेनेज: पुण्याच्या वेशीवरच्या गावांची पार्श्वभूमी

मैलापाणी उताराने वाहते. म्हणून ड्रेनेजची मुख्य वाहिनी ओढ्यानाल्याच्या काठाने जाते आणि शुद्धीकरण प्रकल्प सखल जागी, नदीजवळ बसतो. पुण्याच्या वेशीवरच्या गावांत मोकळी उरलेली जमीनही बरीचशी तिथेच आहे: नाल्याचा काठ, गायरान, पूररेषेलगतची शेते. त्यामुळे ड्रेनेज मागणारे आणि मोकळी जागा राखा म्हणणारे इथे एकाच सातबाऱ्यावर भांडतात.

याची सुरुवात 1997 च्या हद्दवाढीत आहे. त्या वर्षी 38 गावे महापालिकेत आली. गावांतून विरोध झाला आणि 2001 मध्ये सरकारने 15 गावे पूर्ण, तर 5 अंशतः वगळली. उरलेल्या 23 गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, म्हणजे ‘बीडीपी’, आले. (2021 मध्ये आलेली 23 गावे वेगळी. आकडा तोच असल्याने बातम्या वाचताना हमखास घोळ होतो.) माजी महापौर वंदना चव्हाण यांनी हा विषय लावून धरला. बांधकामाला किती टक्के मुभा, जमीनमालकाला मोबदला काय, यावर वर्षे गेली. अखेर 2015 मध्ये 8 टक्के टीडीआरवर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) आरक्षण कायम झाले. मोबदला तुटपुंजा असल्याची मालकांची तक्रार आजही आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही.

वगळलेल्या गावांना मात्र ना आरक्षण मिळाले, ना ड्रेनेज. शहर तर थांबले नाही. धायरी, आंबेगाव, उंड्री, फुरसुंगी या पट्ट्यात शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. मंजूर ले-आउट असता तर 10 टक्के खुली जागा सोडावी लागली असती. दोन गुंठ्यांच्या तुकड्यांत ले-आउटच नसतो, आणि वाहिनी टाकायला धड रस्ताही नसतो. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामेही त्यात बसवली. घर बांधा, पुढे नियमित होईल, हाच संदेश त्यातून गेला असे मला वाटते. मैल्यासाठी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. ते भरले की जादा पाणी जवळच्या नाल्यात. पाणी यायचे टँकरने, जायचे ओढ्याने.

दरम्यान जानेवारी 2016 मध्ये केंद्राने मुळा-मुठा शुद्धीकरणाचा सुमारे 990 कोटींचा प्रकल्प मंजूर केला: जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदतसंस्थेचे कर्ज, 11 केंद्रे, 396 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमता. तेव्हा शहराची हद्द जुनीच होती. त्यातही औंधच्या बोटॅनिकल गार्डनजवळच्या केंद्राचे काम जागेसाठी अडून राहिले. त्याच परिसरातली गणेशखिंड बाग 2020 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. बागेच्या अंगणात मैलाशुद्धीकरण ही कल्पना अनेकांना पटत नाही. पण उतार तिकडेच आहे.

ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे आली, 30 जून 2021 रोजी आणखी 23. हद्द 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. नंतरच्या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारने पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमले. म्हणजे बांधकाम परवानगी आणि तिचे शुल्क एका संस्थेकडे, चेंबर तुंबल्याच्या तक्रारी दुसऱ्या संस्थेकडे. मोकळी जागा कोणासाठी राखायची, वाहिनीला की बागेला, हे कोणी ठरवायचे तेच त्यात हरवले. 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुन्हा महापालिकेबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जीवाणू सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर, त्यातही नांदेडच्या विहिरीवर, गेला. किरकटवाडी आणि नांदेड ही 2021 च्या यादीतली गावे. विहिरीचे पाणी तिथे अजून घरोघर जात होते.