शब्द चालीवर की तानेवर? स्कॅट आणि व्होकलीजचा घोळ

जॅझ ऐकणारे चार जण आवडत्या रेकॉर्डींबद्दल बोलायला बसले की एक घोळ हमखास होतो. कुणी विचारतं, "व्होकलीज ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?" आणि लगेच उत्तर येतं, एला फिट्झजेराल्डचं १९६० च्या बर्लिनच्या मैफलीतलं 'हाऊ हाय द मून'. गाणं अफाट आहे, मी स्वतः शेकडो वेळा ऐकलंय. पण ते स्कॅट आहे, व्होकलीज नाही; जॅझ गायनाचे हे दोन वेगळे प्रकार. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

स्कॅट बहुतेकांना माहीत असतं. शब्द बाजूला ठेवून 'बा-डू-डी' अशा बोलांवर गायकाने तिथल्या तिथे सुचेल ते गायचं. आधीही लोक असं गात होते, पण लुई आर्मस्ट्राँगच्या १९२६ च्या 'हीबी जीबीज'ने ते सगळीकडे पोचवलं. आपल्या कानाला तराणा आठवतो खरा, पण तराण्याची बंदिश आधी बांधलेली असते. स्कॅट तानेच्या जास्त जवळचं. म्हणूनच चितळकरांच्या 'ईना मीना डीका'ला स्कॅट म्हणणं मला पटत नाही. त्यातले बोल लिहून ठरवलेले आहेत, आणि 'माका नाका' तर सरळ कोकणी आहे.

खरी गडबड व्होकलीजची होते. 'वाद्याच्या धूनवर शब्द लिहिले की व्होकलीज' ही व्याख्या जिथे तिथे ऐकू येते, आणि ती चुकीची आहे. 'टेक फाइव्ह' ही पॉल डेझमंडची धून. पुढे तिच्यावर शब्द लिहिले गेले आणि कार्मेन मॅकरेने ते गायले. सुंदर गायलीये, पण ते चालीवर शब्द बसवणं झालं. आपल्या संगीत नाटकांत तयार चालींवर पदं रचली जात, तोच प्रकार.

व्होकलीजमध्ये शब्द चालीवर नसतात, तानेवर असतात. अशी कल्पना करा: एका शहनाईवादकाने एका मैफलीत, त्या क्षणी सुचली तशी बढत केली आणि ती रेकॉर्ड झाली. कुणीतरी ती शंभरदा ऐकली, श्वासाच्या जागांसकट पाठ केली, आणि मग बंदिशीला हात न लावता त्या बढतीच्या एकेका स्वराला अक्षर देत कविता लिहिली. गायकाने गायची ती ही कविता, वादक जिथे वळला तिथेच वळून.

ऑक्टोबर १९४९ मध्ये स्टॉकहोमला जेम्स मूडीने 'आय'म इन द मूड फॉर लव्ह' वाजवलं. गाणं १९३५ चं, सगळ्यांच्या ओळखीचं. मूडी टेनर सॅक्सोफोनवाला, पण त्या दिवशी हातात उसना आल्टो, म्हणजे वरच्या पट्टीचा सॅक्सोफोन होता. मूळ चालीला तो जेमतेम शिवतो आणि आपली वाट धरतो. त्या सोलोवर, म्हणजे एकट्याने तिथल्या तिथे वाजवलेल्या त्या बढतीवर, एडी जेफरसनने शब्द लिहिले आणि १९५२ मध्ये किंग प्लेझरने ते 'मूडीज मूड फॉर लव्ह' म्हणून रेकॉर्ड केले. दोन्ही लागोपाठ लावून बघा. सॅक्सोफोन जिथे एकदम वर उडी घेतो, तिथे प्लेझरचा आवाजही तशीच उडी घेतो. मध्ये पियानोचा तुकडा येतो तेव्हा ब्लॉसम डिअरी प्रेयसीचं उत्तर गाते, तेही पियानोच्याच स्वरांवर! हे एकदा ऐकलं की मग फरक समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून व्होकलीज ऐकून "काय इम्प्रोव्हाइज करते ही बाई!" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. सुचण्याचं काम काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. ॲनी रॉसचं 'ट्विस्टेड' (१९५२) सुचवताना सॅक्सोफोनवादक वॉर्डेल ग्रेचं नाव घेतलंच पाहिजे. १९४९ चा तो सोलो त्याचा. धूनच्या नावातल्या वाकडेपणावरून मानसोपचारतज्ज्ञाशी हुज्जत घालणारी बाई उभी करणं, ही करामत मात्र रॉसची.

आवाका मोठा हवा असेल तर लॅम्बर्ट, हेंड्रिक्स आणि रॉस यांचं 'सिंग अ साँग ऑफ बेसी' घ्या. काउंट बेसीच्या अख्ख्या वाद्यवृंदाचे भाग या तिघांनीच आवाजावर आवाज चढवून गायलेत. मॅनहॅटन ट्रान्सफर या गायकांच्या गटाचं १९८५ चं 'व्होकलीज' (हे अल्बमचं नाव) बरेच जण आधी सुचवतात. माझ्या कानाला ते फार गुळगुळीत लागतं, मी ते तिसऱ्या-चौथ्या नंबरावर ठेवीन. त्याआधी जॉन हेंड्रिक्सचं १९९० चं 'फ्रेडी फ्रीलोडर'. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या रेकॉर्डमधल्या चार सोलोंना चार गायक: पियानोला बॉबी मॅकफेरिन, माइल्सच्या ट्रम्पेटला अल जॅरो, कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनला स्वतः हेंड्रिक्स, कॅननबॉलच्या सॅक्सोफोनला जॉर्ज बेन्सन.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातलं व्होकलीज, रखमानिनॉव्हचं वगैरे, उच्चाराने जवळपास सारखं वाटलं तरी वेगळं. त्यात शब्दच नसतात.

आणि 'मूडीज मूड' शेवटपर्यंत ऐका, मधेच बंद करू नका. शेवटी गायक मूडीला नावाने हाक मारतो: ये, आता वाजवायचं तर वाजव, आमचं झालं.